गेलनचा ट्रेलर, हार्लनच्या शेडमध्ये

आमच्या गावातले लोक परगावी जाताना घराची किल्ली हार्लन श्रागकडे ठेवून जात. तसा तो माणूस होता. सहकारी संस्थेच्या उंचच उंच धान्यकोठारावर, वजनकाट्याशी त्याचा उभा जन्म गेला. जूनमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की ट्रकांची रांग पार हमरस्त्याला लागायची, उन्हाने आणि वाऱ्याने ड्रायव्हरांची डोकी तापलेली असायची, पण हार्लनने खिडकीतून सांगितलेलं वजन कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. बायकोचं, लडोनाचं, बोलणं मात्र भरपूर. दोघांचं बरं जमायचं.

या हार्लनने एक वापरलेला ट्रेलर विकत घेतला आणि त्याच्या जिवाची शांती गेली. त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी लायल. कोठाराच्या ऑफिसात सकाळी कॉफीला जे टेबल जमतं, त्यावर बसणाऱ्यांपैकी एक.

ट्रेलर मुळात गेलन उनरूचा. गेलन आणि हार्लन एकाच रस्त्यावर वाढले, एकाच शाळेत शिकले, एकाच रविवारी दोघांचा बाप्तिस्मा झाला. गेलन शेतकरी, वेल्डिंगमध्ये हात बसलेला आणि तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा. शेतं मुलाच्या हवाली केल्यावर त्याने हा ट्रेलर घेतला होता. फिफ्थ-व्हील म्हणतात तसला. गाडीच्या मागे आकड्याला लावायचा नव्हे, पिकअपच्या हौद्यात मान टेकवून चालणारा, लांबलचक. मानेवर झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बैठक, आणि बटण दाबलं की एक अख्खी भिंत बाहेर सरकून खोली मोठी व्हायची. मागच्या शिडीवर गेलनने लोखंडाची एक गव्हाची लोंबी करून बसवली होती, पिवळी रंगवून. गव्हाची पेरणी आटोपली की तो आणि मर्ना ॲरिझोनाच्या वाळवंटात जायचे ते मार्चमध्ये उगवायचे. मग टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नाही.

हार्लन ऐकायचा. मध्येच विचारायचा, "चढावर इंजिन तापत नाही का रे?" किंवा "पाणी किती दिवस पुरतं?" गेलन म्हणायचा, "अरे लेका, विचारतोस काय? चल एकदा! लडोनाला डोंगर दाखव. त्या बाईने आयुष्यात कोठाराहून उंच काही पाहिलेलं नाही." सगळे हसायचे. हार्लन कपात बघायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरअखेर गेलन आणि मर्ना निघाले आणि दुसऱ्या दिवशी मर्नाचा फोन आला. न्यू मेक्सिकोत, टुकमकारीच्या अलीकडे गेलनला पक्षाघाताचा झटका आला होता. त्याला हेलिकॉप्टरने अमरिलोच्या इस्पितळात नेलं होतं. पिकअप आणि ट्रेलर तिथेच एका पेट्रोल पंपाच्या मागे उभे होते.

"मी आणतो," हार्लन म्हणाला. "लायल, तुझी गाडी काढ."

आम्ही गेलो. वाटेत अमरिलोला गेलनला पाहिलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, डोळे उघडे पण आम्हाला ओळखतो की नाही ते कळेना. हार्लनने त्याचा डावा हात धरून ठेवला आणि म्हणाला, "ट्रेलरची काळजी करू नको. मी नीट घरी नेतो." मी ते शब्द कानांनी ऐकले.

परतताना हार्लन गेलनचा पिकअप आणि ट्रेलर चालवत पुढे, मी माझ्या गाडीतून मागे. दिवसभर मी ती पिवळी लोंबी बघत आलो. सुरुवातीला तो इतका हळू चालवत होता की मागचे ट्रक भोंगे मारायचे. डॅलहार्ट ओलांडल्यावर त्याला सूर सापडला. गायमनला जेवायला थांबलो तेव्हा त्याने मला हॉटेलात जाऊ दिलं नाही. ट्रेलरचं दार उघडलं, भिंत सरकवली, गॅस लावला आणि गेलनच्या किटलीत कॉफी केली. बाहेर वारा नुसता भणाणत होता, आत पडदासुद्धा हलत नव्हता.

"बस ना, लायल," तो म्हणाला. टेबलावर हात फिरवत होता. "घर बरोबर घेऊन फिरायचं. जिथे थांबलं तिथे आपलं अंगण. कमाल आहे की नाही?"

मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग अमरिलोच्या खाटेवरचा गेलन आठवला आणि मी कप खाली ठेवला. हार्लनलाही तो आठवला असावा, कारण त्याने एकदम उठून कप धुतले आणि जागच्या जागी, होते तसेच, आकड्यांना लावून ठेवले.

डिसेंबरात गेलनला विचिटाच्या पुनर्वसन केंद्रात हलवलं. डॉक्टर म्हणाले, चालेल की नाही सांगता येत नाही. बोलणं तर देवावर सोडा. मर्ना रोज जाऊन-येऊन करत होती. एका सकाळी ती हार्लनच्या दारात उभी राहिली. हा प्रसंग हार्लनने मला पुष्कळ नंतर सांगितला, पण सांगायचं तर तो इथेच सांगायला हवा.

"हचिन्सनचा एक विक्रेता शनिवारी ट्रेलर बघायला येतोय," मर्ना म्हणाली. "मला तो अंगणात नको झालाय, हार्लन. खिडकीतून दिसतो."

हार्लनने विचार केला नाही. तो म्हणाला, "परक्याला देण्यापेक्षा मला दे."

मर्नाने त्याच्याकडे बघितलं. "तुला हवाय?"

"लडोनाला डोंगर बघायचेत."

मर्नाने विचारलं, "गेलनला आधी विचारायला हवं का रे? तू सांग. तू त्याला माझ्याआधीपासून ओळखतोस."

ती खरोखर विचारत होती. तिने निर्णय हार्लनच्या हातात ठेवला होता, लोक किल्ली ठेवत तसा. आणि हार्लन म्हणाला, "त्याला आत्ता कशाला त्रास? त्याला काय कळतंय? आणि तो आता कुठे जाणार आहे?"

कागदावर नवराबायको दोघांची नावं होती, एकाची सही चालत होती. मर्नाने सही केली. किंमत रास्त होती, त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. हार्लनने आपल्या पिकअपच्या हौद्यात जोडणी बसवून घेतली आणि ट्रेलर त्याच्या यंत्रांच्या शेडमध्ये आला. गेलनचा पिकअप मात्र त्याच्याच अंगणात राहिला. हौद्यात ती लोखंडी जोडणी तशीच, रिकामी.

टेबलावर आम्हाला कळलं तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. बरं केलंस, असंही कुणी म्हटलं नाही.

आणि मग गेलन बरा व्हायला लागला.

फेब्रुवारीत तो घरी आला. आधी चाकाच्या खुर्चीतून, मग चार पायांच्या काठीवर. शब्द अडायचे, भलतेच यायचे. कॉफी हवी असली की म्हणायचा "डिझेल". शिव्या मात्र स्वच्छ यायच्या, एकही न अडखळता. आमच्या मेनोनाइट, म्हणजे कडक धार्मिक ख्रिस्ती लोकांच्या, गावात ज्या माणसाने साठ वर्षांत शिवी दिली नव्हती, तो आता पाद्रीसाहेबांसमोर असं काही बोलायचा की मर्ना खायला काही आणायच्या निमित्ताने आत पळायची आणि पाद्रीसाहेब छताकडे बघायचे. बोलायला शिकवणारी बाई म्हणाली, त्याला आवडत्या गोष्टीबद्दल बोलतं ठेवा. त्याची आवडती गोष्ट काय, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"ट्रे… ट्रेलर?" त्याने मर्नाला विचारलं. अंगणात नुसता पिकअप उभा होता.

"हार्लनच्या शेडमध्ये आहे," मर्ना म्हणाली. "वाऱ्यापावसात नको म्हणून."

शब्द न् शब्द खरा होता.

हार्लन दर मंगळवारी त्याच्याकडे जायचा. ते त्याने कधी चुकवलं नाही. लडोना बरोबर बीरॉक द्यायची, कोबी आणि खिमा भरलेले गरम बन, आणि गेलन डाव्या हाताने खायचा. खाऊन झालं की ठरलेले प्रश्न. "टायर?… हवा?"

"भरली," हार्लन म्हणायचा.

"उंदीर?"

"सापळे लावलेत. एकही नाही."

"छप्पर… ते… गोंद?"

"बघून घेतलं. एक भेग होती, बुजवली."

गेलन समाधानाने मान हलवायचा आणि हार्लनच्या गुडघ्यावर थापटायचा. "हिवाळ्यात," तो म्हणायचा. तो शब्द त्याने घोटून घोटून पक्का केला होता. "हिवाळ्यात जाणार." मग उठायचा आणि काठी टेकत खिडकीपर्यंत चालून दाखवायचा. त्या शिकवणाऱ्या बाईला नवल वाटायचं की हा माणूस इतकी मेहनत कशाच्या जोरावर करतो.

मंगळवारी संध्याकाळी हार्लन जेवायचा नाही. लडोनाने एकदा विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही. ती काय समजायचं ते समजली.

"सांगून टाक ना त्याला," ती म्हणाली. "आपण चोरी नाही केली. विकत घेतलाय."

"तो त्याच्या आशेवर उभा राहतोय, लडोना. ती काढून घेऊ?"

"आणि तू कशावर उभा आहेस?"

यावर हार्लन शेडमध्ये निघून गेला. तिथे जाऊनही सुटका नव्हती, कारण शेडमध्ये तो ट्रेलर होता. लडोनाने आत नवे निळे पडदे लावले होते. गेलनची एक टोपी आकड्याला अजून टांगलेली होती; ती काढायला कुणाचा हात होईना.

जूनमध्ये कापणी संपली आणि लडोना अडून बसली. किती वर्षं ती पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी ऐकत आली होती. हार्लनने ट्रेलर बाहेर काढला, पण गेलनच्या घरावरून जाणारा सरळ रस्ता सोडून कच्च्या रस्त्याने, धूळ खात, मोठा वळसा घालून तो गावाबाहेर पडला. मंगळवारचं काय, तर मर्नाला म्हणाला, सांग की मी लडोनाच्या बहिणीकडे गेलोय. म्हणजे आता ती पण त्याच्यासाठी खोटं बोलणार.

कोलोरॅडोत एका धरणाच्या काठी त्यांना जागा मिळाली. समोर डोंगर, डोक्यावर अजून बर्फ. लडोना पहिल्या सकाळी खुर्ची टाकून बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. एरवी क्षणभर गप्प न बसणारी बाई एक शब्द बोलली नाही. हार्लन तिच्याकडे बघून सुखावला आणि सुखावल्याबद्दल लगेच मनात खट्टू झाला. हे लडोनानेच मला सांगितलं. "त्याचं हसू यायचं आणि अर्ध्यात परत जायचं," ती म्हणाली. "जसं काही कुणी बघतंय."

शुक्रवारी दुपारी कुणीतरी ट्रेलरची मागची शिडी खणखण वाजवली.

"गेलन! अरे म्हाताऱ्या, बाहेर ये! ती लोंबी मी मैलावरून ओळखली! गेल्या हिवाळ्यात कुठे गडप झाला होतास?"

हार्लन दारात आला. बाहेर मिनेसोटाचा एक धिप्पाड माणूस, ऑर्लिन लुंडग्रेन, हातात माशांची बादली घेऊन उभा. हिवाळ्यात ॲरिझोनात त्याचा तळ गेलनच्या शेजारी पडायचा. हार्लनला बघून त्याचं तोंड उतरलं.

"गेलन कुठाय? बरा आहे ना?"

"झटका आला होता. आता चालतोय."

"आणि हा ट्रेलर?"

लडोना खुर्चीतून बघत होती. हार्लन म्हणाला, "मी त्याचा मित्र. मी… त्याच्यासाठी सांभाळतोय."

"वा! मित्र असावा तर असा!" ऑर्लिनने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "इथे फोनला रेंज नाही. रविवारी बायकोला घेऊन खाली गावात चर्चला जातो, तिथून लावतोच त्याला. सांगतो, तुझा ट्रेलर भेटला, झकास ठेवलाय!" आणि जाता जाता त्याने बादलीतले दोन चांगले मासे हार्लनला देऊन टाकले.

मासे कुणी खाल्ले नाहीत. शनिवारी उजाडताच हार्लनने टेकू वर घेतले, भिंत आत सरकवली. लडोना डोंगराकडे पाठ करून पुढे बसली. वाटेत लायमन गाव लागलं तेव्हा तिने मान वळवली. मग म्हणाली, "तुझ्या अपराधीपणाला अजून किती दिवस पोसायचं मी?"

रविवारी चर्च सुटल्यावर हार्लनने मला बाहेर गाठलं. चेहरा पांढराफटक. "लायल, चल माझ्याबरोबर गेलनकडे. एकट्याने जमायचं नाही."

गेलन जेवून बैठकीच्या खोलीत बसला होता. हार्लनला बघून खुलला. "आलास! मेव्हणी… बरी?"

"मी मेव्हणीकडे गेलो नव्हतो," हार्लन उभ्याउभ्याच म्हणाला. "कोलोरॅडोत होतो. तुझ्या ट्रेलरमध्ये. तो आता तुझा नाही, गेलन. डिसेंबरात मर्नाने विकला आणि मी घेतला. एवढे दिवस तू टायरचं विचारत होतास आणि मी उत्तरं देत होतो. ट्रेलर माझा होता आणि मी तुला बोललो नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मर्ना हातातलं फडकं पिळत उभी होती. गेलनने तिच्याकडे बघितलं, मग खिडकीतून त्या रिकाम्या पिकअपकडे. त्याचे ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. मला वाटलं आता शिवी येणार. यायला हवी होती. पण त्याने डावा हात पुढे केला आणि हार्लनची बाही धरली.

"परत आलास," तो म्हणाला. "सांगायला. एवढ्या… लांबून." त्याचे डोळे भरले होते. "दुसरा… नसता आला."

हार्लनने मान खाली घातली. मला वाटलं, सुटला बिचारा.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गेलनला एका हाताने धरता येत नाही म्हणून मर्ना नेहमी आवाज मोठा करून समोर ठेवायची, तसा तिने ठेवला.

"गेलन! ऑर्लिन बोलतोय रे! परवा तुझा ट्रेलर भेटला कोलोरॅडोत! तुझा तो दोस्त म्हणाला, तुझ्यासाठीच सांभाळतोय. मी त्याला सांगूनच ठेवलं होतं, रविवारी गेलनला फोन करतो म्हणून! तर काल बघतो तर जागा रिकामी, पहाटेच निघून गेला म्हणे. काही झालं का रे?"

गेलनची बोटं हार्लनच्या बाहीवरून हळूहळू सुटली. मर्नाने फोन उचलला आणि आत जाऊन काहीतरी बोलून ठेवला.

"म्हणून," गेलन म्हणाला. एवढंच.

इथे एखादा माणूस निघून गेला असता. मी तर दाराकडे बघतच होतो. हार्लन मात्र खुर्ची ओढून गेलनच्या समोर बसला.

"हो. म्हणून आलो," तो म्हणाला. "तो भेटला नसता तर आलो नसतो. आणि आता तुला सगळंच सांगतो. मर्नाला दोष देऊ नको. तिने मला विचारलं होतं, गेलनला विचारायचं का म्हणून. मी नको म्हणालो. म्हणालो, त्याला काय कळतंय, तो आता कुठे जाणार आहे. तुझ्या भल्यासाठी नाही म्हणालो. मला ट्रेलर हवा होता. टुकमकारीहून आणताना तो मला आवडला होता. तू खाटेवर होतास आणि मी तुझ्या किटलीत कॉफी करून पीत होतो."

मर्नाने ते कधीच सांगितलं नसतं. किटलीतल्या कॉफीला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. तरी त्याने सांगितलं.

"उद्या आणून लावतो अंगणात," तो म्हणाला. "पैसे परत नकोत."

"नाही!" मर्ना दारातून जवळजवळ ओरडली. आम्ही तिघांनी मान वळवली. "तो ट्रेलर या अंगणात यायचा नाही. आला तर मी माझ्या मुलाकडे जाऊन राहीन."

"मर्ना," गेलन म्हणाला.

"तुला आठवत नाही, आणि मी तुला कधी सांगितलं नाही. झटका आला तेव्हा तू गाडी चालवत होतास, गेलन. ट्रकांच्या रस्त्यावर. तुझा हात गळून पडला आणि पिकअप रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जायला लागला. मी तुझ्या अंगावरून वाकून चाक धरलं. समोरून टँकर येत होता. मागे तो ट्रेलर असा ढकलत होता जसं काही आम्हाला मारायलाच निघालाय. मी अजून ते चाक स्वप्नात धरते." ती थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि त्याआधीसुद्धा. दर वर्षी प्रत्येक घाटात मी डोळे मिटून बसायचे. एकदाही तू विचारलं नाहीस, मर्ना, तुला जायचंय का. मी म्हणत होते, त्याची हौस आहे, असू दे. हार्लनला मी विचारलं खरं, पण तो नको म्हणाला तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते माझं मला माहीत. त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका."

गेलन तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत तो कधी तिच्याकडे असं बघत असेल असं मला वाटत नाही. मग आमच्याकडे वळून त्याने डावा हात दाराच्या दिशेने हलवला. "जा. तुम्ही… जा आता."

त्यानंतर मंगळवार बंद झाले. हार्लनने दोनदा जाऊन पाहिलं; मर्ना दारातच म्हणाली, तो झोपलाय. बीरॉकची टोपली ती घ्यायची, आत बोलवायची नाही. उन्हाळाभर ट्रेलर शेडमध्ये पडून. हार्लन टेबलावर यायचा, पण कुणी किल्ली द्यायला आला की म्हणायचा, "दुसऱ्या कुणाकडे ठेव ना." लोकांना वाटायचं, वय झालं. लडोनाने पडदे काढून धुतले आणि परत लावले नाहीत.

सप्टेंबरात, पेरणीची तयारी चालू असताना, एका दुपारी मर्नाची गाडी हार्लनच्या अंगणात येऊन थांबली. मी तिथे बी-बियाण्याची पोती उतरवायला गेलो होतो. गेलन काठी टेकत उतरला. कुणाचा हात त्याने घेतला नाही.

"बघू," तो म्हणाला.

हार्लनने शेडचं दार सरकवलं. गेलनने ट्रेलरला पूर्ण फेरी मारली, चाकं काठीने ठोकली, वाकून खालचा पत्रा बघितला. मग दाराशी आला. पायऱ्या उंच होत्या. हार्लन मागे उभा राहिला, हात पसरून, पण न लावता. गेलन एक पाय, मग दुसरा, असा चढून आत गेला. लडोना धावत घरातून आली.

आत बराच वेळ तो टेबलाशी बसला. टोपी आकड्यावरून काढली, उलटसुलट केली, डोक्यावर घातली. मग लडोनाला बोलावून सरकत्या भिंतीचं बटण दाबायला लावलं. भिंत अर्ध्यात अडकली.

"थंडीत… अशीच. हिला… इथे," म्हणत त्याने कोपऱ्यावर काठीने ठण्ण दिली आणि एक सणसणीत शिवी हासडली. भिंत सरकली. लडोना हसायला लागली आणि हसता हसता रडली. दारात उभी असलेली मर्ना म्हणाली, "बघितलंस? याच्यासाठी माझं आयुष्य गेलं."

उतरल्यावर गेलन हार्लनसमोर उभा राहिला. "मी… रागावलो होतो. तुझ्यावर. मग… माझ्यावर." मर्नाकडे मान उडवली. "तिला… विचारलं नाही. कधी." बोलून दमला. श्वास घेऊन म्हणाला, "तुझ्यावर… अजून थोडा आहे."

"असू दे," हार्लन म्हणाला. "असायलाच हवा."

"लडोनाला ने. वाळवंट दाखव."

हार्लन तयार होत नव्हता. नोव्हेंबर उजाडला तरी होत नव्हता. शेवटी मर्नानेच फोन करून त्याला झापलं, "तू तो ट्रेलर शेडमध्ये कुजवून कुणावर उपकार करतोयस?" तेव्हा कुठे ते निघाले, आणि या वेळी सरळ रस्त्याने, गेलनच्या घरावरून. गेलन खिडकीत उभा होता. त्याने हात केला की नाही, ते हार्लनला कळलं नाही; म्हणाला, मला तिकडे बघायचं धैर्यच झालं नाही.

गेलन आणि मर्नाने त्या हिवाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या तलावाकाठी मुलाच्या खोलीवर आठवडा काढला. मर्नाने पसंत केलेली जागा. गेलन म्हणाला, कंटाळवाणी आहे, आणि पुढच्याच महिन्यात दोघं पुन्हा तिथेच गेले.

मार्चमध्ये हार्लन आणि लडोना परतले. दुसऱ्या सकाळी कोठारावरच्या टेबलाशी आम्ही सगळे बसलो होतो, गेलनही, जवळच काठी लावून. कुणीतरी विचारलं, "काय रे, कसं होतं वाळवंट?"

हार्लनने खांदे उडवले. "वारा फार. पाणी दुरून आणावं लागायचं. संध्याकाळी गारठा. तसं बघण्यासारखं काही नाही."

आदल्याच दिवशी लडोनाने माझ्या बायकोला दीड तास फोनवर सांगितलं होतं की देवाने जग केलं तेव्हा त्या संध्याकाळच्या रंगांसाठी वेगळा दिवस राखून ठेवला असणार, आणि हार्लन रोज सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडं टाकून बसायचा.

गेलन कप खाली ठेवून त्याच्याकडे रोखून बघत होता.

"खोटं," तो म्हणाला. "मी… बसलोय तिथे. त्याच… खुर्चीत." शब्द शोधायला त्याला वेळ लागला, आम्ही सगळे थांबलो. "मजा आली म्हण ना, लेका."

हार्लनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"आली," तो म्हणाला.

"मग सांग," गेलन म्हणाला, आणि खुर्ची जवळ ओढली.